रोव्हर्स कप कां बंद पडला?

कोणतीही चांगली गोष्ट सुरू होते तेव्हां समारंभ होतो, भाषणें होतात, हारतुरे दिले जातात. ती बंद पडते तेव्हां मात्र बहुधा कोणास कळतही नाहीं. एका वर्षीं कांहीं अडचण येते म्हणून ती होत नाहीं. दुसऱ्या वर्षीं, गेल्या वर्षीं झाली नव्हती म्हणून होत नाहीं. आणि पांचदहा वर्षांनीं तिची आठवण काढणारेही विरळा होतात. मुंबईच्या रोव्हर्स कपच्या फुटबॉल सामन्यांची गोष्ट कांहींशी अशीच आहे. तिजवर चार शब्द लिहिण्याचें कारण हें कीं, ती गोष्ट केवळ खेळाची नाहीं. कोणत्याही परंपरेचें आयुष्य कशावर अवलंबून असतें, हें तीवरून समजण्यासारखें आहे.

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस इंग्लंडांतील व स्पेनमधील फुटबॉल संघांचीं नांवें, त्यांतील खेळाडूंचे पाठीवरचे आंकडे आणि कोणत्या संघानें कोणास किती किंमतीस घेतलें हें सर्व मुखोद्गत असतें. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु यांपैकीं किती जणांस ठाऊक आहे कीं, मुंबईंत १८९१ सालीं सुरू झालेले फुटबॉलचे सामने २०००-०१ च्या हंगामापर्यंत, म्हणजे एकशें दहा वर्षांच्या अवधींत, खेळले गेले? सिमल्याचा ड्युरँड कप १८८८ सालीं सुरू झाला आणि कलकत्त्याची आय. एफ. ए. शिल्ड १८९३ सालीं. या दोहोंच्या मध्यें जन्मलेला हा आपला रोव्हर्स कप. हे तीन सामने म्हणजे हिंदुस्थानांतील फुटबॉलचे तीन मोठे मान, असें पिढ्यान् पिढ्या मानलें जाई. पुढें १९११ सालीं वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि दक्षिण मुंबईंतील कूपरेज मैदान हें या खेळाचें माहेरघर बनलें. एके काळीं तेथें लांकडी पिंपें तयार करण्याचा कारखाना होता, त्यावरून त्यास हें नांव पडलें आहे. सिनेनट दिलीपकुमार यांच्यासारखे प्रसिद्ध पुरुषही तेथें खेळ पाहण्यास आवडीनें जात.

प्रारंभीं हा कप आपला नव्हता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पहिल्या वर्षीं तो वूस्टरशायर पलटणीनें जिंकला आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षें त्यावर गोऱ्या पलटणींचींच नांवें कोरलीं गेलीं. पलटणीच्या शिपायांस कसरत, सकस अन्न, पायांत बूट आणि रोजचा सराव हीं सर्व साधनें होतीं. आपल्याकडील मुलांस यांपैकीं एकही सहज मिळत नसे. शिवाय चेंडू पडला चामड्याचा! त्यास पाय लावावा कीं नाहीं, हाच कित्येकांपुढें प्रश्न असे.

या बाबतींत मिशन शाळांचा संबंध येतो, म्हणून एक हकीकत येथें सांगतों. रोव्हर्स कप सुरू झाला त्याच सुमारास काश्मिरांत श्रीनगर येथील मिशन शाळेचे मुख्याध्यापक सेसिल टिंडेल-बिस्को यांनीं आपल्या विद्यार्थ्यांपुढें चामड्याचा फुटबॉल ठेवला. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण. त्यांनीं त्यास शिवण्याचें साफ नाकारलें. मुख्याध्यापकांनीं आग्रह सोडला नाहीं व अखेर खेळ सुरू झाला. खेळतां खेळतां चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. आपण विटाळलों म्हणून तो रडूं लागला, तेव्हां त्यास जवळच्या पाण्यावर नेऊन तोंड धुवावयास लावलें आणि खेळ पुढें चालू केला! पुढें तीच शाळा खेळांसाठीं नांवाजली गेली. हा आग्रह आज कांहींसा कठोर वाटेल, व तो तसा होताही. तथापि जो चेंडू शिवण्यासही मुलें भीत होतीं, तोच चेंडू त्यांच्याच नातवंडांनीं आपला मानला, ही गोष्ट खोटी नव्हे. खेळाची गोडी लागण्यास आधीं खेळाचें दार उघडावें लागतें.

रोव्हर्स कपचें दारही असेंच हळूहळू उघडलें. १९११ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली. त्या अकरांपैकीं दहा जण अनवाणी खेळले. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चटर्जी होते व ते पुढें पाद्री झाले. याच मोहन बागान संघानें १९२३ सालीं मुंबईस येऊन रोव्हर्स कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथें डरहॅम लाइट इन्फंट्रीनें त्यांस ४-१ असें हरविलें. हार झाली खरी. परंतु हिंदी खेळाडू कपच्या इतक्या जवळ जाऊं शकतात हें मुंबईकरांनीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें. नंतर चौदा वर्षांनीं, १९३७ सालीं, बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स संघानें कप जिंकला आणि १९३८ सालीं तो पुन्हां जिंकून पहिलें यश हें दैवयोगाचें नव्हतें हें सिद्ध केलें. १९४० सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघानेंही तो मान मिळविला. परक्यांनीं परक्यांसाठीं काढलेला कप याप्रमाणें आपला झाला. तो कोणीं आपणांस बक्षीस दिला नाहीं. मैदानावर उतरून आपल्या लोकांनीं तो घेतला.

स्वातंत्र्यानंतर या कपच्या इतिहासांतील अत्यंत बोधप्रद अध्याय लिहिला तो हैदराबाद सिटी पोलीस या संघानें. १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें त्यानें रोव्हर्स कप जिंकला. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर होते. मोठा पैसा, परदेशी शिक्षक, उंची साहित्य यांपैकीं त्यांजपाशीं कांहींही नव्हतें. होती ती शिक्षकाची दृष्टि. उजव्या पायानें खेळणारा मुलगा डावा पाय कधींच वापरीत नाहीं, हें पाहून ते ज्यांत केवळ दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा असे सामने ठेवीत. एकट्यानेंच चेंडू घेऊन धांवण्याची खोड जावी म्हणून चेंडू पायांत न खेळवितां लागलीच सोबत्याकडे देण्याचे सामने ठेवीत. विद्यार्थ्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. आपला जो विषय कच्चा, त्यालाच आपण टाळतों. रहीममास्तरांनीं कच्च्या पायालाच कामाला लावलें. याच मास्तरांच्या हाताखालीं हिंदुस्थानच्या संघानें १९५१ सालीं दिल्लीस आणि १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई क्रीडासामन्यांत सुवर्णपदक मिळविलें व १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें चवथा क्रमांक पटकाविला. त्या ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्यानें तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे गोव्याचे सुपुत्र व मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू होते.

मुंबई व गोवा यांचाही या कपांत वांटा होता. १९५८ सालीं मुंबईच्या कॅलटेक्स संघानें कप जिंकला. मफतलाल या गिरणीवाल्यांच्या संघानें आणि गोव्याच्या डेंपो संघानेंही तो जिंकला. सर्वांत अधिक वेळां, म्हणजे चौदा वेळां, तो मोहन बागाननें नेला. परंतु कोणीं किती वेळां नेला याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, या एका कपसाठीं पलटणीचे जवान, पोलीस शिपाई, रेल्वेचे नोकर, गिरणी व बँक यांच्या संघांतील खेळाडू आणि कलकत्त्याचे नामांकित क्लब हे सर्व एकाच मैदानावर येत. तुमची जात कोणती, धंदा कोणता, गांठीं पैसा किती, हें चेंडू विचारीत नसे.

मग असा कप बंद कां पडावा? कारणें अनेक आहेत व तीं समजून घेतलीं पाहिजेत. १९८२ च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या; कंपन्या व कचेऱ्या यांचा खेळाडूंस नोकरीवर ठेवण्याचा उत्साहही ओसरूं लागला. पुढें १९९६ सालीं देशांत राष्ट्रीय लीग सुरू झाली. लीग म्हणजे ज्यांत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं ठरलेल्या क्रमानें खेळतो अशी व्यवस्था. तिजसाठीं महिनेच्या महिने प्रवास करावा लागे, खर्च होई व खेळाडू थकून जात. पूर्वीं मोठे संघ हंगामांत शहरोशहरीं जाऊन एकेक कप खेळत. आतां तेवढी सवड राहिली नाहीं. मोठे संघ येईनात, म्हणून सामन्यांचें तेज कमी झालें. आणि तेज कमी झालें, म्हणून मोठे संघ येईनात. २०००-०१ च्या हंगामांत मोहन बागाननें गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाचा पराभव करून कप जिंकला, तोच शेवटचा.

कित्येक म्हणतील कीं, लोकांस फुटबॉलची आवडच राहिली नाहीं. क्रिकेटनें सर्व गिळून टाकलें. मग कप कोणासाठीं चालवावयाचा? हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. १९७७ सालीं सुरू झालेला फेडरेशन कप हा देशांतील वरच्या दर्जाच्या संघांचा कप होता. १९९७ सालीं त्याच्या उपान्त्य सामन्यांत कलकत्त्याचे ईस्ट बंगाल व मोहन बागान हे संघ समोरासमोर आले, तेव्हां सॉल्ट लेक मैदानांत सुमारें १,३१,००० प्रेक्षक जमले होते. बायचुंग भुतियानें त्या दिवशीं तीन गोल केले व ईस्ट बंगालनें ४-१ असा विजय मिळविला. इतका प्रेक्षकवर्ग ज्या कपानें पाहिला, तो कपही २०१७ सालानंतर राहिला नाहीं. त्याच्या जागीं २०१८ पासून सुपर कप या नांवानें दुसरे सामने आले. तेव्हां प्रेक्षकांचें प्रेम असलें म्हणजे कप जगतो, ही समजूत खरी नव्हे. प्रेम हें हवेंच. पण त्याबरोबर दरवर्षीं न चुकतां पत्रें लिहिणारा, मैदान ठरविणारा, पंच नेमणारा आणि हिशेब ठेवणारा कोणी तरी लागतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. लीगमध्यें खरी परीक्षा होते, कपच्या सामन्यांत नशिबाचा भाग फार, असें जाणते लोक म्हणतात. तें बरोबर आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. सोळा संघ कपासाठीं खेळले व हरणारा संघ प्रत्येक वेळीं बाद झाला, तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो; कारण पंधरा संघांस हरवावयाचें असतें व एका सामन्यांत एकच संघ हरतो. तेच सोळा संघ लीगमध्यें एकमेकांशीं आपल्या व परक्या मैदानावर एकेकदां खेळले, तर दोनशें चाळीस सामने होतात. दोनशें चाळीस सामन्यांची कसोटी पंधरा सामन्यांच्या कसोटीहून खरी ठरणार, यांत नवल तें काय? म्हणून लीग नको, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु वार्षिक परीक्षा खरी म्हणून वक्तृत्वाची चढाओढ बंद करावी काय? दोहोंचीं कामें भिन्न आहेत. लीग श्रेष्ठ कोण तें ठरविते. कप अप्रसिद्धास श्रेष्ठापुढें उभा राहण्याची एक संधि देतो.

हीच संधि आज दुर्मिळ झाली आहे. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हां पहिलीं कांहीं वर्षें तींत प्रवेश मिळे तो खेळून नव्हे, तर शुल्क भरून. खालच्या लीगमधून खेळून वर चढलेला पहिला संघ पंजाब एफ. सी.; तो २०२३ सालीं वर आला. मुंबईचा नवा संघ मुंबई सिटी यानें २०२०-२१ च्या हंगामांत या लीगचीं दोन्हीं पारितोषिकें मिळविलीं, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांपाशीं भरण्यास शुल्क नाहीं, त्यांनीं जावें कोठें? आपल्या कोल्हापुराचेंच उदाहरण घ्या. राजर्षि शाहू महाराजांच्या त्या नगरींत कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉलचे संघ उभे केले आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम यांचे सामने शाहू स्टेडियमवर असतात तेव्हां पेठापेठांतून माणसें लोटतात. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचे जागतिक सामने आपल्या देशांत झाले, त्यांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. अशा गांवच्या तालमीचा संघ मुंबईच्या मैदानावर एखाद्या नामांकित क्लबापुढें उभा राहिला, तर कदाचित् तो सहा गोलांनीं हरेल. पण कदाचित् हरणारही नाहीं. १९२३ सालीं मोहन बागान हरला नसता, तर १९३७ सालचा विजय इतका गोड लागला असता काय? हरण्याची संधि मिळणें हीही मोठी गोष्ट आहे. आम्हांस रोव्हर्स कप गेल्याचें दुःख होतें तें यासाठीं.

कप पुन्हां सुरू होऊं शकेल काय? होऊं शकेल, असें ड्युरँड कपचें उदाहरण सांगतें. दुसऱ्या महायुद्धाच्या व फाळणीच्या काळांत त्यांत कित्येक वर्षें खंड पडला. तरी १९५० सालीं तो दिल्लीस पुन्हां सुरू झाला. पुढेंही त्यास उतरती कळा लागली होती. परंतु २०१९ सालीं तो कलकत्त्यास नेण्यांत आला व आज वरच्या लीगचे क्लब आणि सैन्यदलांचे संघ त्यांत एकत्र खेळतात. तो वांचला, याचें मुख्य कारण हें कीं, सैन्यानें त्यास आपली ठेव मानलें व आपलें कर्तव्य म्हणून चालविलें. रोव्हर्स कपला असा पालक मिळाला नाहीं. मुंबईंत पैसा नाहीं असें कोण म्हणेल? मैदानें थोडीं आहेत, पण अगदींच नाहींत असें नाहीं. उणीव आहे ती, हें माझें काम आहे, असें म्हणणाऱ्याची. आमची सूचना एवढीच आहे कीं, हा कप पुन्हां काढावयाचा झाल्यास तो केवळ मोठ्या क्लबांसाठीं काढूं नये. महाराष्ट्रांतील जिल्ह्यांचे, तालमींचे, पोलिसांचे व कॉलेजांचे संघ यांस आधीं आपसांत खेळवून त्यांतील चार तरी मोठ्या संघांबरोबर घ्यावे. आणि मुलींच्या संघांसाठींही तसाच एक कप ठेवावा. मोठे सहा आठवडे न देतील, तर दोन द्यावे. पण दरवर्षीं द्यावे. दोन आठवड्यांचा पण न चुकणारा कप, दोन महिन्यांच्या पण एकदांच होणाऱ्या कपाहून बरा.

पालकांस एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी सायंकाळीं तासभर मैदानावर गेली, तर तो तास अभ्यासांतून चोरला गेला असें समजूं नये. ज्या देशांत मुलें खेळत नाहींत, तेथें कपही जगत नाहींत. मग केवळ दुसऱ्यांचे खेळ पाहत बसावें लागतें. रोव्हर्स कपवर कोरलेलें प्रत्येक नांव कोणाच्या तरी आईबापांनीं दिलेल्या अशा संध्याकाळांतून आलें होतें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस काय सांगावें? मुंबईचा कप पुन्हां सुरू करणें आज तुमच्या हातीं नाहीं. परंतु आपल्या शाळेंत वर्गावर्गांचे जे सामने होतात, ते पुढल्या वर्षीं होतील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं तुमच्या हातीं आहे. पावसानें मैदान चिखलानें भरलें, परीक्षा जवळ आली, चेंडू फाटला, मागचा कॅप्टन शाळा सोडून गेला, अशीं कारणें दरवर्षीं येतील. तीं रोव्हर्स कपलाही आलीं असतील, व एकशें दहा वर्षें कोणी ना कोणी त्यांस उत्तर देत राहिलें. ज्या वर्षीं उत्तर देणारा कोणी उरला नाहीं, त्या वर्षीं कप थांबला. आपल्या शाळेचा छोटासा कप कपाटांत आहे. त्यावर धूळ बसूं न देण्याचें काम या वर्षीं कोणत्या वर्गानें घ्यावयाचें, एवढें शाळा उघडतांच ठरवावें.